खुल्या परीक्षेचे बंद दार

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा ‘खुली’ असते, हे आपल्या मंडळाच्या किती सभासदांना ठाऊक आहे? खुली म्हणजे परीक्षक आणि उमेदवार सोडून इतरांनाही त्या खोलीत बसता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत तसे होते आणि २०२२ च्या नियमांतही आहे. मार्गदर्शक समितीचे सदस्य, विभागातले शिक्षक आणि इतर संशोधक विद्यार्थी यांना दार उघडे ठेवा, असे नियम सांगतो. ‘नागरिक’ हा शब्द मात्र त्यात नाही. ज्या गावात विद्यापीठ आहे त्या गावच्या माणसाला बोलवा असे कोणी लिहिले नाही, आणि त्याला बोलवावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

मी बँकेतला कारकून, शिक्षण कॉमर्सचे. अभियांत्रिकीच्या संशोधनावर या गृहस्थाने का लिहावे, असे सुज्ञ वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर सरळ आहे. त्या संशोधनाचा विषय बहुधा आपला पूल, आपली नदी, आपले पाणी आणि आपल्या घराचा स्लॅब असतो. आणि पैसाही पुष्कळदा आपलाच असतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत बडोद्याने काय काय पाहिले ते आठवा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री घराघरांत शिरली. वर्ष पुरते उलटायच्या आत, ९ जुलै २०२५ ला सकाळी, पादरा तालुक्यात महीवरचा गंभीरा पूल तुटला. वाहने नदीत कोसळली आणि किमान वीस माणसे गेली. पूल अवघ्या चाळीस वर्षांचा होता. सरकारतर्फे प्राथमिक कारण सांगितले गेले की पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडले गेले. वर्तमानपत्रांनी दोन्ही शब्द जसेच्या तसे छापले. पुढचे आठ दिवस चहाच्या लारीपासून आमच्या काउंटरपर्यंत सगळे ते शब्द उच्चारत होते आणि अर्थ कोणालाच माहीत नव्हता. पेडेस्टल म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा बुटका ओटा, ज्यावर पुलाची तुळई टेकते. आर्टिक्युलेशन म्हणजे एका गाळ्याचे टोक दुसऱ्या गाळ्याच्या टोकावर जिथे बसवलेले असते तो सांधा. एवढे सांगायला दोन ओळी पुरतात. अभियांत्रिकीची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेल्या शहरात त्या दोन ओळी सांगणारा माणूस आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ओळखीचा होता.

प्रबंध लोकांपुढे मांडले असते तर पूल वाचला असता, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. पुलाची तपासणी करणे, दुरुस्ती करणे आणि वेळ आली की वाहतूक बंद करणे हे सरकारी खात्याचे काम आहे, ते संशोधकाच्या गळ्यात बांधता येणार नाही. पण ज्या गावाला पुलाचे शब्दच येत नाहीत ते गाव पुलाबद्दल विचारणार काय? ‘पूल हलतो’ एवढेच सांगणार. आणि ‘हलतो’ या तक्रारीला कचेरीत काय किंमत असते, ते मी सांगायला नको.

आता पैशाचे बघू, कारण तो माझा प्रांत. केंद्राची जी फेलोशिप परीक्षा देऊन मिळते ती १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे महिना ४२ हजार अशी झाली. पाच वर्षांचा हिशेब घातला तर घरभाडे सोडून बरोबर २४ लाख होतात. गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेत दोन वर्षे महिना १५ हजार आणि वर-खर्चाला वर्षाला २० हजार अशी मदत ठरवली गेली, म्हणजे एका विद्यार्थ्यामागे चार लाख. हा पैसा जास्त आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. एम.टेक. झालेली हुशार मुले नोकरी सोडून पाच-पाच वर्षे यात घालतात आणि फेलोशिप वेळेवर न आल्याने आमच्या काउंटरवर पासबुक भरायला येऊन निमूट परत जातात, हेही मी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की चार लाखांचे कर्ज देताना आम्ही माणसाला दहा प्रश्न विचारतो. येथे प्रश्न विचारणारे तीन-चार जण असतात आणि ते सगळे आतलेच असतात.

प्रबंध लपवून ठेवलेले असतात असेही नाही. पीएच.डी.चा प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवावा लागतो. ते भांडार सांभाळणारी संस्था इन्फ्लिबनेट आपल्याच राज्यात, गांधीनगरला आहे. लाखो प्रबंध तेथे फुकट वाचायला मिळतात. एका रविवारी दुपारी मी पाण्यावरचे, पुलांवरचे असे तीन-चार उघडून बसलो. आभारप्रदर्शनापर्यंत छान गाडी चालली. (प्रबंधांतली आभाराची पाने खरोखर वाचनीय असतात. सासूबाईंनी नातवंड सांभाळले म्हणून पीएच.डी. झाली, हे इतक्या मोकळेपणाने इतर कुठे लिहिलेले आढळत नाही.) त्यापुढे मात्र गाडी रुतली. इंग्रजीचा दोष नव्हता. बँकेत दिवसभर इंग्रजीच वाचतो. ती इंग्रजी ज्यांना सगळे आधीच माहीत आहे अशांसाठी लिहिलेली होती. कागद खुला असला म्हणजे मजकूर खुला होतो असे नाही, आणि म्हणूनच समोरासमोर बसून ऐकण्याला, विचारण्याला महत्त्व येते.

तसे ऐकण्याचे प्रसंग संशोधकाच्या पाच वर्षांत पुष्कळ येतात. दर सहा महिन्यांनी त्याला आपल्या समितीपुढे उभे राहून काय केले ते सांगावे लागते. परिषदांत निबंध वाचले जातात. प्रबंध देण्याआधी सगळ्या विभागासमोर एक भाषण होते आणि त्यावर आलेल्या सूचना प्रबंधात घ्यायच्या असतात. मग प्रबंध बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. जमेल तेथे त्यांतला एक परदेशातला असावा असे नियम म्हणतो. मजकूर इतरांचा उचललेला नाही ना, हे संगणकावर तपासले जाते. २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. अहवाल चांगले आले की शेवटी व्हायवा. म्हणजे एक माणूस पाच वर्षांत दहा-बारा वेळा तरी उभा राहून आपले काम समजावून सांगतो. या सगळ्या वेळी त्याच्यासमोर त्याच्याच खात्याची माणसे असतात.

अशा एका व्हायवाला मला जाता आले. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची मुलगी. कॉलेज कोणते ते सांगत नाही, बडोद्यातले नव्हे एवढेच. तिचा विषय काँक्रीटमधल्या सळईच्या गंजाचा. खोलीत अकरा माणसे होती, त्यांतली चार आम्ही घरची. बाहेरचे परीक्षक पडद्यावर होते आणि त्यांचा आवाज अधूनमधून तुटत होता. मुलगी चाळीस मिनिटे बोलली. बोलली चांगली, पण नजर सगळा वेळ पडद्यावर. प्रश्न सहा झाले, मी मोजले. त्यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्या गाइडनीच देऊन टाकली. एक प्रश्न संदर्भांच्या यादीतल्या स्वल्पविरामाबद्दल होता. मागच्या रांगेतली दोन मुले मोबाइलमध्ये होती आणि शिपाई दोनदा समोसे मोजून गेला. शेवटी अध्यक्षांनी ‘एनी क्वेश्चन्स फ्रॉम द हाउस?’ असे विचारले आणि उत्तराची वाट न बघता टाळ्या सुरू केल्या.

खरी परीक्षा त्यानंतर बाहेर लिंबाखाली झाली. मुलीच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, विचारले, “अगं, पण पाच वर्षं तू नेमकं केलंस काय?” मुलगी हसली आणि मराठीत सांगू लागली. “आई, सिमेंटमध्ये क्षार असतात ना, त्यांच्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही. पण काँक्रीटला बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि तो क्षारपणा मारतो. मग पापुद्रा जातो, गंज धरतो. आणि काका, गंजाला मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो, आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो.” लोखंडावरचे आवरण किती जाड ठेवले, पाणी किती घातले, ओले किती दिवस ठेवले यावर तो काळ दहा वर्षांचा की पन्नास वर्षांचा ते ठरते, तिने केलेली मोजमापे त्याबद्दलची होती. सगळे मिळून पाच मिनिटे लागली. वहिनींनी लगेच विचारले, “म्हणजे आपल्या न्हाणीघराच्या छताला पोपडे आलेत, ते हेच का? आणि नुसता गिलावा करून घेतला तर भागेल?”

माझ्या मते त्या दिवसातला तो सर्वांत चांगला प्रश्न. मुलगी थबकली, मग म्हणाली की नुसत्या गिलाव्याने भागणार नाही. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, ती किती झिजली आहे ते बघून मग भरावे लागेल, नाहीतर आत गंज चालूच राहतो आणि वरून सगळे ठाकठीक दिसते. आत वातानुकूलित खोलीत चाळीस मिनिटांत जे कळले नव्हते ते लिंबाखाली पाच मिनिटांत कळले. आणि हे कळलेला माणूस उद्या आपल्या सोसायटीच्या सभेत कंत्राटदाराला चार प्रश्न विचारू शकतो.

यावर तज्ज्ञ मंडळींचा आक्षेप मला ठाऊक आहे. सामान्य माणसाला गणित येत नाही, उपकरणे ठाऊक नाहीत, तो परीक्षेला बसून काय करणार? सोपे करून सांगायचे म्हटले तर शास्त्र पातळ होते. हा आक्षेप आमच्या धंद्यातही होता. कर्जाचा करारनामा तीस-चाळीस पानांचा, बारीक टायपातला, वकिली इंग्रजीतला. गिऱ्हाईक शेवटच्या पानावर सही करून मोकळे होई. मग रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जांना ‘केएफएस’ सक्तीचे केले. केएफएस म्हणजे मुख्य गोष्टींचे पत्रक. व्याज खरोखर किती पडेल, इतर आकार किती, हप्ता किती, तक्रार कोणाकडे करायची, हे थोडक्यात आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत. करारनामा आहे तसाच राहिला, त्यातला एक स्वल्पविरामही हलला नाही. आम्ही कुरकुरलो, एक कागद वाढला म्हणून. पण आता गिऱ्हाईक तो कागद हातात धरून विचारते, “साहेब, हे प्रोसेसिंगचे इतके कसे?” हे आधी होत नव्हते.

प्रबंधालाही असा एक कागद जोडावा, ही माझी मागणी आहे. काय शोधायचे होते, काय सापडले, कशावर तपासले, ते कुठे लागू पडेल आणि कुठे पडणार नाही, आणि त्याला सार्वजनिक पैसा किती लागला. एक पान, राज्याच्या भाषेत. आपल्याकडे ती गुजराती. मराठीतच हवे असा हट्ट धरू नये. आपल्यातल्या बहुतेकांना गुजराती मातृभाषेइतकी कळते, आणि या शहरात मराठीचा मान वाढवायचा तर तो गुजरातीशी भांडून वाढलेला नाही. मराठीचे काम आपण करू, त्याबद्दल पुढे लिहितो. देशी भाषांत अभियांत्रिकी जमत नाही, असे म्हणण्याचीही आता सोय राहिलेली नाही. २०२१ पासून मराठी-गुजरातीसह अनेक भारतीय भाषांत अभियांत्रिकीचे पदवीवर्ग चालवायला परवानगी आहे. पदवी मातृभाषेत चालते, मग प्रबंधाचे एक पान का चालू नये?

आणि बडोद्याला तर हे कोणी नव्याने शिकवायला नको. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले. आजच्या विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा त्यातूनच उभी राहिली. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेच्या या रसायनतज्ज्ञाचा आग्रह असा की कारागिराच्या मुलाला तंत्र शिकवायचे ते त्याच्या भाषेत. त्यासाठी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या नावाने शास्त्रीय पुस्तके गुजरातीत आणण्याचे काम महाराजांच्या आश्रयाने हाती घेतले गेले. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. गज्जर पुढे मुंबईस गेले. चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते आणि ते कोणालाच निघत नव्हते, ते गज्जरांनी काढून दाखवले. (राणीचे तोंड उजळले म्हणून आनंद मानावा की नाही हा प्रश्न वेगळा!) पण एका देशी प्राध्यापकाचे रसायनशास्त्र भर चौकात सगळ्यांनी पाहिले. १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी बडोद्यात अलेम्बिक उभी केली. प्रयोगशाळेतून गावात उतरलेली ती विद्या, आणि त्या तीन नावांतले मधले नाव कोणाकडचे ते आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पुढे १९१० नंतर संस्थानच्या ग्रंथालय खात्याची माणसे पुस्तकांच्या पेट्या, चित्रांचे कंदील आणि सिनेमायंत्र घेऊन खेडोपाडी जात. त्या काळच्या शेतकऱ्याला समजणार नाही म्हणून कोणी पेटी परत नेली नाही.

इतर देशांतले रिवाजही पाहण्यासारखे आहेत. हॉलंडमध्ये डेल्फ्टचे तंत्रविद्यापीठ आहे. तेथे प्रबंधाचा बचाव हा जाहीर समारंभ असतो, आणि समारंभाआधी उमेदवार घरच्यांना, शेजाऱ्यांना, मित्रांना आपले काम सोप्या भाषेत थोडक्यात सांगतो. मग परीक्षकांचे प्रश्न, घड्याळ लावून. तास भरला की दंडधारी आत येऊन दंड आपटतो आणि लॅटिनमध्ये ‘होरा एस्ट’, म्हणजे वेळ झाली, असे म्हणतो. उमेदवाराचे वाक्य अर्धे राहिले तरी चालते. प्रबंधाबरोबर काही विधानांची यादीही द्यावी लागते, आणि त्यांत प्रबंधाच्या विषयाबाहेरचीही विधाने असतात. फिनलंडमध्ये उमेदवार आधी वीस मिनिटांपर्यंतचे प्रास्ताविक भाषण सर्वसामान्य श्रोत्यांसाठी करतो, आणि शेवटी श्रोत्यांकडे वळून, ज्याला काही शंका असेल त्याने विचारावी असे स्वतःच सांगतो. स्वीडनमध्ये प्रबंध सुमारे तीन आठवडे आधी जाहीर करावा लागतो, आणि जुन्या रीतीप्रमाणे तो फळ्यावर खिळ्याने ठोकतात. सगळीकडे असेच आहे असेही नाही. इंग्लंडात व्हायवा बंद खोलीत होते, आणि विद्यापीठांचा साचा आपण उचलला तो नेमका त्यांचा.

स्वीडनची आणखी एक गोष्ट बँकवाल्याच्या डोळ्यांत भरते. उमेदवाराचा मार्गदर्शक तेथे निकाल देणाऱ्या समितीत बसत नाही. आमच्याकडे व्हाउचर एकाने भरायचे आणि दुसऱ्याने पास करायचे, हा नियम शिपाईसुद्धा जाणतो. ज्याने नोंद केली त्यानेच पास केली तर ऑडिटमध्ये लाल शेरा पडतो, मग रक्कम बरोबर असो वा नसो. आपल्या नियमाप्रमाणे मात्र मार्गदर्शक हा व्हायवाच्या मंडळात असतोच. बहुतेक मार्गदर्शक प्रामाणिक असतात, माझी तक्रार माणसांवर नाही. पण रोखपाल प्रामाणिक आहे म्हणून आम्ही तिजोरीची दुसरी किल्ली काढून टाकत नाही. ती किल्ली निदान श्रोत्यांच्या हाती तरी द्या. घरची, गावची, कारखान्यातली वीस-पंचवीस माणसे समोर बसली असली की गाइड स्वतः उत्तर देत नाहीत आणि स्वल्पविरामाचे प्रश्न आपोआप कमी होतात.

या मागणीला राजकीय बाजूही आहे, आणि आपले वार्तापत्र त्यासाठीच निघते. पूर्वी विद्यापीठाच्या सेनेटवर नोंदणीकृत पदवीधर मते देऊन प्रतिनिधी पाठवीत. त्या निवडणुकांत काय काय चाले ते बडोदेकरांनी पाहिले आहे. पॅनेल, जेवणावळी, भिंतभर पोस्टरे. मला त्यांचे फार कौतुक नाही. पण गावाचा आवाज आत जायची ती एक खिडकी होती. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सेनेट आणि सिंडिकेट दोन्ही गेली. खिडकी बुजवली गेली असेल तर दार तरी उघडावे, असे म्हणण्याचा हक्क गावाला आहे. आपल्या भागातले नगरसेवक आणि आमदार गणेशोत्सवात मंडपात येतात, त्या वेळी गटारीबरोबर हाही विषय त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही. मागणी साधी आहे. व्हायवाची तारीख, विषय आणि जागा आठ दिवस आधी जाहीर करावी, नुसती विभागाच्या काचेच्या पेटीत नव्हे तर गुजराती वर्तमानपत्रांतही. सुरुवातीला दहा मिनिटे सर्वांना कळेल असे भाषण व्हावे. आणि तो एक पानी कागद दारात वाटावा. यातल्या कशालाच नवे पद, नवी इमारत किंवा नवे अनुदान लागत नाही. आयोगाच्या नियमात बदल होईल तेव्हा होईल, पण शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे चार खुर्च्या गावासाठी ठेवायला कोणत्या कुलगुरूंना अडचण यावी, हे मला तरी कळत नाही.

पेटंट घ्यायचे असेल तर काय, असे एका प्राध्यापकांनी मला विचारले. रास्त आहे. अर्ज दाखल होण्याआधी जाहीर बोलून चालत नाही. अशा प्रबंधांपुरता उशीर करावा. पण सगळ्याच विषयांना पेटंटची आडकाठी नसते; विश्वामित्रीला पूर का येतो याचे पेटंट कोणी घेणार नाही.

आता आपल्या मंडळाचे काम. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झाले तेव्हा आपण सगळे राबलो. कविसंमेलनाला जागा पुरली नाही, याचा मला आजही अभिमान आहे. पण मराठी म्हणजे कविताच असे आपण ठरवून टाकले आहे काय? आपल्या सभासदांच्या घरांतून एम.टेक. आणि पीएच.डी. करणारी मुलेमुली आहेत. त्यांच्या सत्काराला आपण शाल-नारळ देतो आणि त्यांनी काय केले ते न विचारता फोटो काढून घरी पाठवतो. त्याऐवजी महिन्यातला एक रविवार ठेवावा. ज्याचा प्रबंध पुढच्या काही महिन्यांत द्यायचा आहे त्याने किंवा तिने यावे, वीस मिनिटे मराठीत बोलावे, आणि वीस मिनिटे आपण प्रश्न विचारावेत. मराठी पारिभाषिक शब्द सापडला नाही तर इंग्रजी शब्द बिनदिक्कत वापरावा, फक्त तो म्हणजे काय ते एका वाक्यात सांगावे. दीपप्रज्वलन नको, प्रमुख पाहुणे नकोत, स्वागतगीत तर नकोच. गुजराती शेजाऱ्यांनाही बोलवावे.

मुलांचाही यात फायदा आहे. व्हायवाच्या आधी वहिनींसारख्या तीस बायकाबाप्यांना तोंड दिलेली मुलगी पडद्यावरच्या परीक्षकाला घाबरणार नाही. गंजाचा अभ्यास करणाऱ्या त्या मुलीला मी विचारून ठेवले आहे. आता ती डॉक्टर झाली आहे, पण पहिल्या रविवारी यायला तयार आहे. ज्यांच्या इमारती वीस वर्षांहून जुन्या आहेत त्यांनी छताचे, खांबांचे फोटो मोबाइलमध्ये काढून आणावेत, असा तिचा निरोप आहे. तारीख कार्यकारिणीच्या बैठकीत ठरेल. तिला प्रोजेक्टर नको, फळा हवा आहे. आपल्या सभागृहात तो नाही, कोणाकडे असेल त्यांनी कार्यालयात कळवावे.